वरची एक बांगडी

"हात ढिला सोड गं. तुला काय बेड्या घालायलेत का?"

आमच्या गल्लीत हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, आक्का आली. उंबऱ्याशी टोपली उतरवायची, फतकल मारून बसायची आणि समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घेऊन आधी नुसता दाबत राहायची. मोजून बांगड्या भरून झाल्या की टोपलीतून आणखी एक काढून वर चढवायची. "ही माझ्याकडून." लातुरात बांगड्या विकणाऱ्या ढिगानं होत्या, पण ही वरची एक फक्त आक्काकडं मिळायची.

तिच्या हातून बांगडी फुटलेली कुणी पाहिली नाही. एकदा एका पैलवानाची आई बसली होती. बाईचं मनगट उखळाएवढं, बांगडी अंगठीएवढी. आक्कानं काय केलं कोण जाणे, बाई "आई गं" म्हणायच्या आत बांगडी कोपराशी पोचली होती. खोटं वाटत असेल तर त्या बाईला विचारा. बांगडी अजून तिथंच आहे.

तिचं खरं नाव गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. देवणीकडून, पार कर्नाटकाच्या शिवेवरून आली होती, तिकडची म्हणून आक्का. चालही देवणी गाईसारखीच: सावकाश, पण वाटेत आडवं यायची कुणाची टाप नव्हती.

ज्योतिषी हात सुलटा बघतो, आक्का उलटा बघायची. तळव्यावरच्या रेघांशी तिला देणंघेणं नव्हतं. बोटांची पेरं चाचपायची आणि निकाल द्यायची. "हा हात शिलाईचा हाय." "तू लोणच्याच्या वाटंला जाऊ नको, तुझ्या हाताला घाम लई." तिच्या शब्दावर एकीनं शिलाई मशीन घेतली, एकीनं पापड लाटायला काढले. बांगड्या भरता भरता ती जे सांगायची, ते ऐकायला बायका चांगल्या बांगड्या मुद्दाम फोडून घेत होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पयलं गिऱ्हाईक भावकीतलं धरू नको. ते चव बघत न्हाई, तुझं तोंड बघतंय."

"नवऱ्याला दुकानात बशीव, पर बोलाया लावू नको."

"आज येक अन् उद्या येक आसं करू नको. कालच्या चवीसाठी माणूस आज येतंय."

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज सकाळी एक नवं ऑफिस उगवायचं. पाट्यांचा रंग वाळायच्या आधी साहेब येऊन बसायचे. सगळी खाती आली, पावसाचं खातं तेवढं उस्मानाबादलाच राहिलं. विहिरींनी तळ दाखवला. बाजारात भाजी म्हणून जे यायचं, ते शेळीनंही पुढे सरकवलं असतं. टँकर आला की गल्लीत असा गलका उठायचा, की मेलेली माणसंही हंडा घेऊन रांगेत उभी राहत असावीत.

माझे मालक तेलाच्या गिरणीत होते. रानात शेंगच आली नाही, तर गिरणी काय फिरणार? गिरणी बंद, मालक ओट्यावर. पुण्याला त्यांचे थोरले भाऊ कंपनीत वॉचमन होते. तिथं जायचं, दिरांच्या एका खोलीत पडदा लावून राहायचं, असं चाललं होतं. आमची शोभा तेव्हा दहावीला, अभ्यासात हुशार. जाऊबाईंनी निरोपच धाडला होता, "पोरीची शाळा आता बास, इथं धुण्याभांड्याची कामं पुष्कळ हायत."

मी आक्कासमोर बसले आणि रडायलाच लागले. तिनं माझा हात उलटा केला, पेरं चाचपली आणि चक्क हुंगली.

"येसर कोण करतंय तुमच्यात?"

"मीच करते. भावकीतल्या सगळ्या लग्नांचं."

"मंग रडायलीस कशाला? कर की!"

येसर तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही मराठवाड्यात जेवलाच नाहीत. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल, सगळं खमंग भाजायचं आणि दळायचं. त्या पिठाची आमटी लग्नाच्या पंगतीला. पंगतीत पोळी कमी पडली तर चालतं, येसराची आमटी कमी पडली तर वऱ्हाड रुसतं. मालकांकडून मी एवढंच कबूल करून घेतलं, की हे एक येसर विकून बघू, नाही खपलं तर बोचकी बांधू.

आक्कानं जाताना बजावलं, "थोडं कर. वास बघू दे लोकांला." मग ती देवणीला निघून गेली. आता माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. थोडं करणं मला माहीतच नाही. मी दारात चुलाण मांडलं, शेजारणीची कढई आणली आणि घरातल्या डब्यांतलं सगळं धान्य त्यात ओतलं.

वास सुटला. असा सुटला की उदगीरला एका म्हाताऱ्याला शिंक आली म्हणतात. आणि इथंच घोटाळा झाला. आमच्याकडे येसर भाजल्याचा वास येतो तो एकाच कारणानं: घरात लग्न निघालं. विकायला म्हणून येसर भाजणारी बाई तोवर जन्मली नव्हती.

आधी शेजारीण आली. "काय हो, आम्हाला परकं केलंत! पावना कुठला?" मी म्हणाले, लग्न नाही, धंदा आहे. ती हसली आणि गल्लीभर सांगून आली, की पावना लई मोठा दिसतोय, सांगंना गेलीय. दुपारपर्यंत बॅण्डवाला सुपारी मागायला हजर. दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एस.टी.तून माझी आत्या उतरली, नारळ घेऊन. मागोमाग मावशा, चुलत्या. आणि प्रत्येक बाई लग्नघरी पाण्याची अडचण नको म्हणून डोक्यावर भरलेला हंडा घेऊन आली. गल्लीतल्यांनी टँकरचं आपापलं पाणी आणलं, आत्यानं तर निलंग्याहून कळशी आणली होती. कंडक्टरनं कळशीचंही तिकीट मागितलं म्हणे.

शोभा आतल्या खोलीत तोंड लपवून बसली. ओट्यावर कुजबुज सुरू झाली, "लग्न नाही म्हणतात. म्हंजे मोडलं वाटतं." मालक आत आले ते लालबुंद. "झाला का धंदा? पोरीचं नाव खराब केलंस. परवा पुण्याला निघायचं. आवर."

मी कढईकडं बघत उभी राहिले. तेवढ्यात दारात टोपली उतरली. देवणीच्या स्टँडावरच आक्काला कळलं होतं, की शोभाचं लग्न आहे. तिनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या आणि तोंड फुगवून आली होती. खरं काय ते ऐकलं, आणि ती हसली. अशी हसली की टोपलीतल्या बांगड्या वाजल्या.

मग ती सगळ्यांच्या मधोमध बसली. "लगीन न्हाई म्हणून काय उपाशी जावं का काय, बायांनो? पानी तुमीच आणलाव, येसर हिनं केलंय. आन गं तपेली!"

आमटी उकळली. भाकरी झाल्या. सगळ्या जेवायला बसल्या आणि ओट्यावरची कुजबुज भुरक्यांत बुडाली. दुसऱ्यांदा वाढून घेताना आत्या म्हणाली, "बिगरलग्नाचं येसर पयल्यांदाच खायले गं मी. भाजी न्हाई त्या दिवशी हेच करावं की."

आक्काचा हात हवेतच थांबला. "पुन्ना बोल."

"भाजी न्हाई त्या दिवशी..."

"अन् भाजी कवा हाय सध्या?" आक्का माझ्याकडं वळली. "आयकलंस का? तू लग्नघरं हुडकीत बसली आसतीस. येसर लग्नाचं न्हाई, भाजी नसंल त्या घराचं. आन् आसलं घर कोणतं न्हाई, सांग."

जाताना प्रत्येकीच्या हातात तिनं एक पुडी द्यायला लावली. मी पुडी बांधताना चिमटीनं भरत होते. तिनं मनगट धरलं. "हात ढिला सोड. मापून झाल्यावर वरून येक चिमूट. गिऱ्हाईक त्या चिमटीसाठी परत येतंय." तिकडं मालक नारळ फोडत होते. पुण्याचं नाव त्या दिवशी त्यांनी काढलं नाही.

आठवड्यात पुड्यांसाठी निरोप यायला लागले. नव्या ऑफिसांतले परगावचे कारकून एकेकटे खोली करून राहायचे. त्यांना पाणी उकळता यायचं, त्यापुढं स्वयंपाक संपायचा. आक्का त्यांच्या खोल्यांसमोर उभी राहून ओरडायची, "उकळत्या पान्यात टाका, सायेब, अन् आईची आठवण काढा!" तिच्या टोपलीत खाली बांगड्या, वर येसर. हदगावच्या बसनं पुड्या गेल्या, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत पोचल्या. तिथं तेव्हा धरण बांधत होते; त्याच्या भिंतीत माझं येसर घातलंय असं मी म्हणत नाही. पण भिंत अजून उभी आहे, एवढं खरं.

काम वाढलं तशी मी कढईपाशी कुणाला फिरकू देईना. प्रमाण कळेल म्हणून. आक्कानं ते ओळखलं आणि एक दिवस शेजारच्या दोघींना माझ्यासमोर आणून बसवलं. "ह्यांला शिकीव. तू तापानं पडलीस तर कढई काय शोभा ढवळंल? तिची परीक्षा हाय." शिकवलं. शोभा परीक्षेला बसली. पुढं कॉलेज, पुढं बँकेत नोकरी.

त्या गोंधळाच्या दिवशी आक्कानं हिरव्या बांगड्या परत नेल्या नव्हत्या. शोभाच्या हाताला लावून बघितल्या, तर ढिल्या. शोभा म्हणाली, "मोठ्या आहेत." आक्का म्हणाली, "मापातच हायत. तू आजून ल्हान हाईस. शिकून घे, मंग बरुबर बसतील." आणि कागदात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवायला दिल्या.

शोभाचं लग्न ठरलं तेव्हा मी पुन्हा दारात चुलाण मांडलं. वास उदगीरच्याही पुढं गेला असेल. पण गल्लीतलं एक माणूस डोकावलं नाही. शेवटी मीच दारोदार हिंडले. "अहो, खरंच लग्न आहे!" शेजारीण म्हणाली, "हाव का? आमाला वाटलं, नांदेडची ऑर्डर."

आक्का असती तर वासातला फरक तिला देवणीत बसून कळला असता. पण आदल्या उन्हाळ्यात ती तिकडं गावी वारली होती. मी ट्रंक उघडली. शोभाचा हात उलटा करून पेरं दाबली आणि बांगड्या चढवायला लागले. माप थोडं चुकलंच होतं. आक्काच्या हिशेबात माझ्या येसरावर पोसलेली पोर धरली नव्हती. शेवटच्या बांगडीला शोभानं हात आखडला आणि बांगडी माझ्या हातात कडकन वाढली.

शुभकार्यात बांगडी वाढली म्हणून आत्यानं तोंडाला पदर लावला. मी कागद झटकला. आत आणखी एक होती.

"हात ढिला सोड गं," मी म्हणाले.