सही नीलांबरीची
अमेरिकेत पार्सिपनीला कुणाकडेही जेवायला गेलं की नीलांबरी टिपणीसची ओळख ‘डच येणारी वहिनी’ अशीच व्हायची. नवऱ्याच्या नोकरीपायी सहा वर्षं हॉलंडात गेली होती. तिथे सासूबाईंचं हृदय बिघडलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून हिने त्यांची सगळी डच आद्याक्षरं पाठ केली. ‘बीएफ’ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर, नाडीचा ताल सुटणं. सासूबाई त्यातच गेल्या. इकडचे डॉक्टर त्यालाच ‘एएफ’ म्हणतात. बीएफ वाचून त्यांना काही बोध होत नाही.

२००५ साली ओळखीतल्या संजीवच्या भाषांतर एजन्सीकडून काम आलं. सांधेदुखीवरच्या नव्या गोळीची चाचणी, डच पेशंटांचे कागद; औषध कंपनीला इकडच्या सरकारी मंजुरीसाठी ते इंग्रजीत हवे होते. गोळी सुरू झाली की एकेका म्हाताऱ्याच्या नावापुढे बीएफ. नीलांबरीने प्रत्येक ठिकाणी अर्थ फोडून इंग्रजीत लिहिला. संजीवने तपासून परत पाठवलं, तर बाकी सगळं इंग्रजीत आणि बीएफ तेवढं पुन्हा जसंच्या तसं.

तिला शिसारी आली. नजरचूक असती तर तिने पोटात घातली असती. हे शेण समजून उमजून खाल्लेलं होतं.

शनिवारी संजीव चिवड्याचा डबा घेऊन दारात हजर. भाषांतर पूर्ण आणि खरं आहे, अशी तिची सही हवी होती.

“वहिनी, क्लायंटच म्हणाला, ते अ‍ॅज इट इज ठेवा. आपण खोटं थोडंच लिहिलंय?”

“बाकीची सगळी अक्षरं फोडलीत, मग हीच कशी राहिली?”

“डीप जाऊ नका हो. पुढचं प्रोजेक्ट पण तुम्हालाच देतोय.”

“तुमच्या आईला द्याल ही गोळी?”

“आई कुठे ट्रायलमध्ये आहे?” असं म्हणून तो चक्क हसला.

तिने चिवड्याचा डबा न उघडता त्याच्या हातात परत दिला. “आधी पूर्ण लिहा. मग सही.”

सोमवारी त्याचाच फोन. आवाज अगदी साळसूद.

“वहिनी, टेन्शन घेऊ नका. तुमची जुनी सही स्कॅन केलेली होती, तीच लावली. फाइल गेली पण!”

तिने फोन आदळला. मग हॉलंडात, उत्रेख्तला ही चाचणी घेणाऱ्या डॉक्टरचा नंबर लावला. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तो छापलेला होताच. सासूबाईंच्या डॉक्टरांशी भांडायची तशाच ठसक्यात ती डचमध्ये म्हणाली, “तुमच्या पेशंटांना काय झालं, ते इकडे कुणाला कळू दिलेलं नाही. खाली सही माझ्या नावाची आहे. ती मी केलेली नाही.”