आईवर पाय

"आईवर पाय देऊ? अजिबात नाही!" मी ओरडलेच.

इकडे परदेशात, ओटाहुहू उपनगरातल्या हॉलमधली शनिवारची दुपार. लाकडावर चित्र कोरून छापे काढायचा हा क्लास मी वर्षभर करत होते, पापाटोएटोच्या घरून ट्रेनने येऊन. आमची टीचर नायजेरियाची, तिथल्या योरुबा समाजातली, माझ्याहून लहान. तिने कोरलेली तिची आजी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. आजीच्या अंगात मिशनच्या शाळेचा गणवेश, पण त्यावर आडिरेची नक्षी, त्यांच्याकडे निळीत रंगवलेल्या कापडावर असते ती. "शाळेने तिचं नाव बदललं, भाषा बंद केली. मी तिला तिचं कापड परत दिलं," टीचर म्हणाली.

बस्स, त्याच दिवशी ठरलं. मी माझी आई कोरणार! आई पुण्यात सरकारी दवाखान्यात नर्स होती. गोरा साहेब गेला, पण त्याची ती कडक पांढरी टोपी आईच्या डोक्यावर तीस वर्षं राहिली. मी टोपीभर रांगोळीचे ठिपके काढले. चार महिने खपले, बोटं सोलवटली.

आज छापायचं होतं. संध्याकाळी प्रदर्शन, टीचरच्या आजीशेजारी माझी आई! सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि कोरलेली फळी छापायच्या यंत्रात मावेना. "स्वीट ॲज, काही बिघडत नाही, नाचून छापू," टीचर म्हणाली. म्हणजे शाई लावलेल्या फळीवर कापड, त्यावर घोंगडी, आणि वर आपण अनवाणी. तिने गाणं लावलंसुद्धा.

अहो, आमच्याकडे कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि इथे साक्षात आई! मी हातांनी दाबदाब दाबलं. कोपरा उचलून पाहिला तर फिक्कट, काही उमटलंच नव्हतं. शाई सुकत चालली होती. मला रडूच फुटलं.

शेवटी आईलाच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, आईच्या हातात चहा. तिचा चेहरा दिसला मात्र, आमची ही उंचनिंच टीचर शाईने बरबटलेल्या फरशीवर चक्क गुडघे टेकून बसली. त्यांच्यातल्या बायका वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात.

"अगं बाई, उठ म्हणावं तिला!" आई गडबडली. मी मुसमुसत सगळं सांगितलं.

आईने चहाचा घोट घेतला. "पोटात होतीस तेव्हा काय कमी लाथा मारल्यास? तेव्हा विचारलं होतंस का मला? चढ मुकाट्याने!"

मी फळीला हात लावून नमस्कार केला आणि चढले. टीचरही चढली. आम्ही दोघी धबाधबा नाचत होतो आणि फोनमधून आई ओरडत होती, "टोपीवर! टोपीवर जोरात नाच गं! मेली तीस वर्षं टोचत होती मला!"