तारामाशाची मादी

पाच हात, कणा नाही, कातडी काटेरी, एवढं माझ्या एका विद्यार्थिनीने प्रात्यक्षिकाच्या वहीत बरोबर लिहिलं. पुढे 'मादी' असंही ठोकून दिलं. मी फुली मारली. मधल्या सुट्टीत ती प्राध्यापक वडिलांना फोनवर हे सांगत होती. पलीकडून आवाज आला, "अगं वेडे, तारामाशाचे नर-मादी बाहेरून दिसतात का? तो काय खेकडा आहे?" दोघं खळखळून हसले.

मला त्या हसण्याचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, अजून वाटतो. मी घरातला पहिला पदवीधर. शिकत असताना माझ्याही वहीत हीच चूक होती. त्या चुकीवरची फुली पाहून आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शेजाऱ्यांना म्हणाले, "बघा, सरांनी पोरासाठी लाल शाई काढली!"

मी ताठ मानेने उभा राहिलो. चूक सांगून हसायला घरात होतं कोण?