यमुनेचं फुलपात्र

दिवाळीची साफसफाई चालली होती. आलेल्यागेलेल्यांना मी 'आमच्या पणजीचं' म्हणून कौतुकाने दाखवते ते पितळेचं फुलपात्र प्रथमच उलटं करून चिंचेने घासलं. बुडाशी अक्षरं उजळली: 'चि. यमुना हिस बारशाला, मामाकडून.'

पणजीचं नाव यमुना नव्हतं. मी पंच्याऐंशीच्या आत्याला विचारलं.

"अगं, ते प्लेगवालीचं असेल. तिच्या घरातलं एकूण एक माणूस प्लेगात गेलं. पोर एवढंसं गाठोडं घेऊन आपल्याकडे आली, ती मरेपर्यंत धुणीभांडी करत राहिली. मला लहानपणी तिनेच न्हाऊमाखू घातलं."

"तिचं नाव काय होतं?"

"सगळे प्लेगवालीच म्हणायचो गं. ती ओ द्यायची."

म्हणजे जन्मभर तिने हे फुलपात्र घासलं आणि आम्ही त्यातून पाणी प्यायलो. तिला वाचता येत नसेल. आम्हाला येत होतं.

संध्याकाळी शेजारीण आली. "काय लखलखतंय! पणजीचं ना?"

मी 'हो' म्हणून गेले.