गोविंदचा खांदा

बायकोला ठाऊक नाही, आईलाही नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. लातूरच्या चौकात माझं बॅनर लागलं होतं, पाहिलंत का? पगार घेऊन बेसबॉल खेळणारा जिल्ह्यातला पहिला खेळाडू. बेसबॉल म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत आजही कुणाला धड माहीत नाही. पण बॅनर मोठं होतं.

मी कॅचर. फलंदाजाच्या मागं उकिडवं बसायचं आणि मांडीआडून बोटांनी खूण करायची — असा टाक. पिचर तसा चेंडू टाकतो. माझा पिचर गोविंद, किल्लारीचा. मी खूण करावी, त्यानं डोळे झाकून टाकावं, असा विश्वास. विश्वास! — लिहितानाही लाज वाटते.

नांदेडला सामना होता. पगारी संघाचे निवडकर्ते येणार होते. जाताना एसटीत गोविंद म्हणाला, "खांदा लई दुखायलाय रे. कोचसरांना तूच सांग, मला बसवा म्हणावं. माझी जीभ न्हाई रेटत."

मी हो म्हणालो. मैदानावर सरांजवळ गेलो, पाण्याची बाटली मागितली आणि परत आलो. गोविंदला काय सांगितलं? — सर नाही म्हणाले, खेळावंच लागेल.

तो नसता तर आम्ही हरलो असतो, आणि हरलेल्या संघाच्या कॅचरकडे कोण बघतं? म्हणून. एवढंच. शेवटी शेवटी तो मान हलवायचा — वेगाचा नको. मी पुन्हा तीच खूण करायचो. तो टाकायचा. चेंडूतला जोर जात चाललाय, हे माझ्या ग्लोव्हला कळत होतं. मला कळत होतं.

जिंकलो. मी निवडला गेलो. पिचरला छान खेळवतो म्हणे! गोविंदचा हात त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही. सरांशी तो आजही बोलत नाही. सर बिचारे मला विचारतात, माझं काय चुकलं रे? — मी म्हणतो, कुणास ठाऊक.

माझ्या सत्काराला हार घालायला लोकांनी त्यालाच पुढं केलं. जुना जोडीदार ना! त्याचा हात छातीशी येऊन थांबला. मी वाकलो, पार कमरेत. टाळ्या पडल्या. एवढा मोठा झाला, पण पाय जमिनीवर आहेत, असं कुणीतरी म्हणालं. हार घालताना गोविंद कानाशी पुटपुटला, "सरांनी ऐकलं न्हाई. तू तर सांगितलं होतंस, गड्या."

मी हो म्हणालो.