सिद्धव्वाच्या भिंतीवरची पाणबुडी

समजा, लढाईच्या काळात काढलेले जर्मन पाणबुड्यांचे अस्सल फोटो तुम्हाला जमवायचेत आणि तुम्ही राहता गुलबर्ग्यात, जिथून समुद्र शेकडो मैल लांब. सुरुवात कुठून कराल?

सोमशेखर घड्याळजीने भिंगापासून केली. छापील चित्र भिंगाखाली धरलं की बारीक ठिपके दिसतात. अस्सल फोटोत काळं ते पांढरं सलग उतरत जातं. या परीक्षेत चार वर्षांत एकोणतीस चित्रं नापास झाली. बाजार विचारायचा, "काय सोमअण्णा, घावली का पाणबुडी?"

१९४६ साली हावगेप्पा जहाजावरची नोकरी संपवून जवळच्या निंबर्गा गावी परतला. विलायतेच्या बंदरात एका जर्मन कैद्याला तंबाखूचा डबा देऊन त्याने पाणबुडीचा एक फोटो मिळवला होता. सोमशेखर धावतच गेला. पण हावगेप्पाच्या आईने, सिद्धव्वाने, तो ज्वारीच्या पिठाची खळ लावून देवळीशेजारी मातीच्या भिंतीवर डकवला होता.

"अव्वा, कामून चिकटवलात?"

"ह्या लोखंडी सुसरीनं माझं लेकरू सोडलं. देवाजवळ नको व्हय?"

सोमशेखरने भिंग लावलं. एकही ठिपका नव्हता! पण ओढला तर कागद फाटणार, समोरून भिजवला तर चित्राचा थर सुटणार.

"न फाडता काढलास तर तुझा," सिद्धव्वा म्हणाली. "फाटला तर उंबऱ्यात पाय टाकू नगंस."

तो दुपारभर भिंतीपुढे बसला. मग एकदम उठला. कागद भिंतीवरून काढायचा कशाला? भिंतच कागदावरून काढायची!

त्याने फोटोच्या चहूबाजूंनी गिलावा कापला, ढेकळासकट फोटो मऊ कापडावर पालथा घातला आणि मागची माती बारीक कानशीने कणाकणाने खरवडू लागला.

"घड्याळ दुरुस्त करायलास का घर पाडायलास?" हावगेप्पा हसला.

तिसऱ्या दिवशी उरलेली खळ ओलसर फडक्याने सुटली. मागे शिसपेन्सिलीने लिहिलेलं साल दिसलं: १९४२. कागदाला कुठं चीरसुद्धा नव्हती. सोमशेखर अंगणात अक्षरशः नाचला. मग स्वतः चिखल तुडवून त्याने भोक लिंपलं.

"घड्याळजी झ्याक हाईस," सिद्धव्वा म्हणाली, "गवंडी न्हाईस."

ही गोष्ट पसरली आणि लढाईवरून परतलेले लोक आपणहून दुकानात येऊ लागले. दोन वर्षांत असे सात अस्सल फोटो झाले. पण येईल त्याच्यापुढे सोमशेखर तोच पहिला धरायचा. पाणबुडीच्या पाठीवर पाच खलाशी उभे, काठ कुठंच नाही.

"चहूकडं नुसतं पाणी हाय," तो विचारायचा. "मग फोटो काढणारा उभा कशावर व्हता?"