लहानीचं बोट

तेलंगणात सगळ्यात कडक थंडी आमच्या आदिलाबादला पडते, असं लोक कौतुकानं सांगतात. सांगणाऱ्यांना पहाटे भांडी घासावी लागत नसणार. शहराला लागूनच असलेल्या मावला गावातल्या आमच्या घरात ती मी घासायची. मग शाळेत जाऊन चौथीच्या पोरांना मराठी शिकवायचं आणि परत आलं की मोरी पुन्हा माझीच. घरात दुसरी सून नव्हती असं नाही. धाकट्या दिराची बायको होती, यवतमाळकडची. तिला सगळे लहानी म्हणतात. पण तिचं बोट दुखायचं.

उजव्या हाताची अनामिका. ना सूज, ना जखम. उजेडात धरली तर नखाखाली जराशी निळसर झाक दिसायची, एवढंच. सासूबाईंनी आधी नखुरडं ठरवलं आणि लिंबाला भोक पाडून ते तिच्या बोटावर बसवलं. ती लिंबू मिरवत घरभर फिरायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग गोळ्या झाल्या. एक्स-रे झाला, तो साफ निघाला. एका डॉक्टरनं तर हे मनाचं दुखणं आहे असं सांगून टाकलं. मला वाटलं, आता तरी सासूबाईंचे डोळे उघडतील. कुठलं काय!

"मनाचं असन तं अजूनच जपा लागते," त्या म्हणाल्या आणि तिच्यासाठी गरम पाण्याची बादली भरून ठेवू लागल्या. मला ताप आला होता तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, की शाळेतून येताना कोथिंबीर आणशील ना?

मी तिच्यावर जळायचे. दुसरा शब्द नाही त्याला. तिला फुलासारखं जपलं जात होतं आणि मी घरात धडधाकट म्हणून जमा होते.

मग मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. नाटक पकडायचं, दुसरं काही नाही. आणि काय काय सापडलं! बोरचं पाणी हिवाळ्यात कोमट येतं, ते तिला चालायचं. टाकीत रात्रभर गार पडलेलं पाणी लागलं की किंचाळायची. उन्हाळ्यात बोट बरंचसं गप्प. बाकीची बोटं गार पाण्यात खुशाल बुडायची, हे एकच लाडकं. त्यातही नखाच्या कडेचा एकच ठिपका. तिथं दाराची कडी लागली की ती भिंतीला टेकून खाली बसायची, आणि लगेच शेजारी लागली तर काहीच नाही. एवढं सोयीचं दुखणं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आदिलाबादच्या दवाखान्यात हाताचे एक सर्जन येऊ लागले तेव्हा तिला न्यायचं ठरलं. डॉक्टर तेलुगू बोलणारे. लहानीला तेलुगू येत नाही, दीर दुकानात अडकलेला. मी हौसेनं निघाले. 'हिला काही झालेलं नाही' हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, केव्हा दुखतं? मी तिला ते मराठीत विचारलं.

"दुखते जी, लय दुखते," लहानी म्हणाली आणि रडायला लागली. झालं.

मग मीच बोलले, तेलुगूत, तिला कळणार नाही अशा बेतानं. टाकी आणि बोर, हिवाळा आणि उन्हाळा, तो ठिपका, ती कडी, सगळं गाऱ्हाणं ओतलं. शेवटी म्हटलं, आता तुम्हीच सांगा हिला समजावून.

डॉक्टर खुर्ची सरकवून पुढं आले. टाचणीच्या डोक्यानं ते तिचं नख जागोजागी दाबत गेले. ती शांत. मग तो ठिपका आला आणि ती ओरडली. त्यांनी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, हवा भरून घट्ट केला आणि तोच ठिपका पुन्हा दाबला. लहानी नुसती बघत राहिली. दुखलंच नाही. पट्टा सैल केल्यावर परत दाबलं, तर पुन्हा किंचाळली.

"रक्त थांबलं की याचं दुखणं थांबतं," ते मला म्हणाले. नखाखाली गाठ असणार, ग्लोमस ट्यूमर म्हणतात. क्वचित होते. सहसा कर्करोगाची नसते. तुम्ही सांगितलंत ते सगळं याच आजाराचं लक्षण आहे. मग ते तिच्याकडे वळून अडखळत, जेमतेम येणाऱ्या हिंदीत म्हणाले, "आपकी जेठानी ने पकड़ा है इसे. बहुत ध्यान रखती हैं आपका."

लहानीनं माझा हात धरला आणि तोंड लपवून रडली. मी काही खुलासा केला नाही. इतक्या वर्षांनी कोणी माझं कौतुक केलं होतं, ते मी कशाला परत करू?

एमआरआयमध्ये गाठ दिसली. बोट बधिर करून डॉक्टरांनी नख उचललं, गाठ काढली आणि नख परत बसवलं. बाटलीत मला दाखवली. ज्वारीच्या दाण्याएवढी, लालसर. एवढ्याशा दाण्यापायी माझे सगळे हिवाळे मोरीत गेले होते. तपासणीतही साधीच निघाली. मला हायसं वाटलं, नाही असं नाही. पण घरी तिच्यासाठी रोज शिरा सुरू झाला, आणि हायसं वाटणं संपलं.

पुढच्या थंडीत एका सकाळी मी उठले तर लहानी मोरीवर बसलेली. टाकीचं गार पाणी, त्यात तिचा उजवा हात. सासूबाई कुंपणावरून शेजारणीला हाका मारत होत्या, "पाह्य वं, आमच्या लहानीनं भांडे घासले!"

माझ्यासाठी कधी कोणी कुंपणापर्यंत गेलं नव्हतं. मी तिथंच उभी राहून तिचं बोट पाहत राहिले. सवयच ती.

"आता काय पाह्यता, अक्का? नाही दुखत आता."

"दिसून राह्यलं मले."

तिनं घासलेली कढई माझ्यापुढं धरली. मी घेतली.

"तुमचं कवा दाखवाचं?" ती म्हणाली.

"माह्यं काय?"

"तुमी कढई डाव्या हातानं काऊन घेता? वरच्या फळीवरचा डबाबी डाव्यानंच काढता. उजवा खांद्याच्या वर जातच नाही तुमचा. कवाची पाहून राह्यली मी."

मी कढई खाली ठेवली आणि उजवा हात वर केला. खांद्याशी येऊन तो थांबला, आणि कळ थेट मानेत गेली. शाळेत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते. मागची पोरं दिसत नाही म्हणून ओरडतात आणि मी त्यांनाच दटावते.

कोणीतरी आपल्याकडे असं बघावं म्हणून मी इतकी वर्षं जळत होते. आणि बघितलं कोणी, तर हिनं. माझंच दुखणं, तेही हिलाच आधी दिसलं.